आधी घाट नीट करा, मग नवी फेरी आणा: नर्मदेवरच्या नावघाटांबद्दल खुलं पत्र

प्रति,
नर्मदेवरचे घाट, होड्यांचे परवाने आणि धरणातून सोडलं जाणारं पाणी, यातलं काहीही ज्यांच्या हाताखाली येतं ते सगळे अधिकारी आणि आमचे लोकप्रतिनिधी,

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याची. पत्र मराठीत लिहितेय कारण बडोद्यातली, सुरतेतली आणि दरवर्षी चैत्रात महाराष्ट्रातून बसा भरून येणारी जी माणसं या घाटांवरून होडीत चढतात त्यांनीही हे वाचावं. गुजराती प्रत तुम्हाला वेगळी पाठवलीय. मागणी सुरुवातीलाच सांगते म्हणजे शोधावी लागणार नाही. चांदोद आणि बरकालचे नावघाट चढत्या-उतरत्या पाण्याला पुरे पडतील असे करा, आणि बरकालहून व्यास बेटावर जायला पोलादी दोराच्या आधाराने चालणारी केबल फेरी सुरू करा. आणि हे याच क्रमाने, आधी घाट, मग फेरी.

बडोद्यातल्या मराठी घरांचं नर्मदेशी काय नातं आहे ते तुम्ही जाणताच. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी, नारेश्वरला रंग अवधूत महाराज, करनाळीला कुबेर भंडारी, आणि घरातलं माणूस गेलं की अस्थी घेऊन चांदोद, नर्मदा-ओरसंगचा संगम. चांदोदचा मल्हारराव घाट गायकवाडांच्या काळातला. आमच्या आज्या-पणज्या तिथे उतरल्यात, आम्ही उतरतोय, त्यामुळे तिथे काय बिघडलंय हे आम्हाला कागदावरून कळलेलं नाही, पायाखाली कळलंय.

होडीचा अपघात म्हटलं की डोळ्यासमोर भर पाण्यात उलटलेली होडी येते. पण एखाद्या अमावास्येला सकाळी चांदोदला जाऊन नुसतं अर्धा तास उभे राहा आणि काठाकडे बघा. होडी कधी पायरीला लागते, कधी पायरीच्या चार हात अलीकडे चिखलात, मग एक फळी टाकतात, फळी ओली, खालच्या पायऱ्यांना शेवाळ, होडी डुलतेय, आणि त्याच एका फळीवरून उतरणारे उतरतायत नि चढणारे चढतायत, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात अस्थींचं मडकं, मागचे पुढच्याला ढकलतायत कारण मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसतच नाही. एकदा बसलं की पुढे नदी शांत असते. धोका त्या चार हातांत आहे. आणि त्या चार हातांची जबाबदारी कुणाची, हे विचारत मी ज्या ज्या टेबलाशी गेले तिथून मला पुढच्या टेबलाकडे पाठवलं गेलं. पायऱ्या एकाच्या, पाणी दुसऱ्याचं, होडी तिसऱ्याची, आणि पायरी नि होडी यांच्या मधली जागा कुणाचीच नाही.

यात होडीवाल्यांचा दोष नाही, हे मी मुद्दाम आधी लिहितेय कारण काही झालं की पहिला हात त्यांच्याच मानेवर पडतो. नदी बदललीय. हे घाट बांधले तेव्हा नर्मदा ऋतूप्रमाणे चढायची उतरायची, पावसाळ्यात वर, मग हळूहळू खाली, आणि पायऱ्या त्या हिशोबाने होत्या. आता चांदोदची नर्मदा ही धरणाखालची नर्मदा आहे. २०१७ मध्ये सरदार सरोवराचे ३० दरवाजे बंद झाले, धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली, नदीपात्रातल्या वीजघरात २०० मेगावॅटचे सहा संच आहेत, आणि धरणापासून साधारण १२ किलोमीटर खाली गरुडेश्वरचा बंधारा. वीज बनवायची किंवा धरण भरलं की पाणी सुटतं, नाही तर अडतं. सकाळी ज्या पायरीला होडी लागली ती संध्याकाळी कोरडी किंवा उलट पाण्याखाली. वीज हवीय, कालव्याचं पाणीही हवंय, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण नदीचं वागणं तुम्ही बदललंत तर नदीचे घाटही तुम्हीच बदलायला हवे होते ना? ते काम तेव्हाच राहिलं ते राहिलंच.

माझ्या घरातलं सांगते. आतोबा गेले तेव्हा आम्ही सगळे चांदोदला गेलो. आत्याचे गुडघे गेलेत, वॉकर लागतो. तिला संगमापर्यंत जायचं होतं, आतोबांनी तिच्याकडून तसं वचनच घेतलं होतं, आधी कोण जाईल त्याला दुसऱ्याने संगमावर सोडायचं. पाणी त्या दिवशी बरंच खाली होतं. वरच्या पायऱ्या आम्ही तिला धरून उतरवल्या, खाली चिखल लागला तिथे वॉकर रुतायला लागला, दोन होडीवाले स्वतःहून आले, काखेत हात घालून उचलू म्हणाले, ती पाऊल टाकायला गेली आणि फळी सरकली. पडली नाही, पण नंतर तिचे पाय चालेनात. ती तिथेच पायरीवर बसली आणि मडकं भाच्याच्या हातात दिलं. होडी गेली आणि आली, तोवर ती काही बोलली नाही, नंतरही त्या दिवसाबद्दल बोलत नाही. त्या सकाळी आमच्या डोळ्यादेखत अशीच आणखी माणसं काठावर बसून राहिली होती, व्हीलचेअरवाले एक आजोबा तर वरच्या रस्त्यावरूनच हात जोडून परत गेले. अपघातांच्या नोंदीत हे लोक कुठेच येत नाहीत, कारण यांना काही झालं नाही, ते फक्त पोचले नाहीत.

आता व्यास बेट. जे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, शिनोर तालुक्यात बरकालपाशी नर्मदेच्या पात्रात हे छोटं बेट आहे, व्यासेश्वर महादेवाचं मंदिर आहे. कथा अशी सांगतात की ऋषी नदी ओलांडून व्यासांकडे जेवायला येईनात म्हणून व्यासांनी नर्मदेची प्रार्थना केली आणि तिने धारच वळवली. तिथे राहणारी माणसं मोजकीच, पण येणारे वर्षभर. सप्टेंबर २०२३ मध्ये धरणातून अठरा लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं, भरूचला धोक्याची पातळी २४ फूट असताना नदी ४० फुटांवर गेली, चांदोद, करनाळी पाण्यात, आणि व्यास बेटावर पुजाऱ्याचं कुटुंब अडकलं. त्यांना काढायला लष्कर आणावं लागलं. जवानांचे उपकार आहेतच. पण बडोदा जिल्ह्यातल्या, शहरापासून दोन-अडीच तासांवरच्या बेटावरून माणसं उतरवायला लष्कर लागतं, तर पाणी चढायच्या आधी त्यांना निवांत बाहेर यायची धड व्यवस्था आपल्याकडे नव्हती, हे मान्य करावं लागेल.

मला कुणीतरी सांगितलं की एवढ्याशा बेटासाठी खर्च कोण करणार. मग मी आजूबाजूला काय काय झालं ते बघितलं. वर केवडियाला ऑक्टोबर २०२० मध्ये एकता क्रूझ सुरू झाली, तिच्यासाठी नीट जेट्टी बांधली, तिथे म्हातारी माणसं आरामात बोटीत चढतात, मी बघितलंय आणि मला आनंदच झाला. जानेवारी २०२१ मध्ये ब्रॉडगेज रेल्वे चांदोदवरून केवडियाला गेली. बेट द्वारकेला फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू झाला, ओख्याच्या त्या खचाखच भरलेल्या बोटींतून लोक सुटले. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. २०१६ च्या कायद्याने नर्मदा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ सुद्धा आहे. त्या जलमार्गावरच्या सगळ्यात जुन्या प्रवाशांना, म्हणजे यात्रेकरूंना, अजून ओली फळीच आहे.

पूल मी मागत नाहीये. व्यास बेटाला पूल नकोच, एवढ्याशा बेटावर गाड्या आल्या की बेट राहणार नाही. आणि पूल बांधून विसरून गेलं की काय होतं ते ९ जुलै २०२५ ला गंभीराचा पूल कोसळला तेव्हा आपण बघितलं, पादऱ्याची माणसं मही नदीत गेली. जे बांधाल ते दरवर्षी तपासायला माणूस आणि पैसा ठेवा, हे माझं म्हणणं घाटालाही लागू आहे.

केबल फेरी म्हणजे काय ते थोडं लिहिते कारण बरेच जण रोपवेच समजतात. दोन्ही काठांवर काँक्रीटमध्ये घट्ट रोवलेले नांगर, त्यांच्यामध्ये पोलादी दोर, तो एरवी पाण्याखाली पडलेला असतो, फेरी त्या दोराला धरून स्वतःला ओढत पलीकडे जाते, जाताना तेवढा दोर वर येतो आणि मागे परत बुडतो. कॅनडात व्हँकुव्हर बेटाशेजारी डेन्मन नावाचं छोटं बेट आहे, तिथे फेब्रुवारी २०१६ पासून अशी फेरी चालते, जवळपास १.९ किलोमीटर, जगातली सगळ्यात लांब, एक ओढणारा दोर आणि दोन बाजूला धरणारे असे तीन दोर, ५० गाड्या आणि १५० माणसं. तिथल्या लोकांनीही आधी खूप विरोध केला होता, शंका विचारल्या होत्या, आणि फेरी येण्याआधी दोन्ही काठांचे धक्के त्या फेरीच्या मापाने बदलावे लागले. आपल्याला एवढ्या मोठ्या फेरीची गरज नाही, पंचवीस-तीस माणसं आणि दोन व्हीलचेअर नेणारी, बॅटरीच्या मोटरवर चालणारी छोटी फेरी पुरे. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरात ऱ्हाईन नदीवर चार फेऱ्या आहेत त्या तर मोटरशिवाय चालतात, वर ताणलेल्या दोराला बांधलेल्या, नदीचा प्रवाहच त्यांना ढकलतो. ते आपल्याकडे जमणार नाही कारण आपला प्रवाह धरणाच्या हातात आहे, तो मध्येच मंदावला तर लोक मधोमध अडकतील. म्हणून मोटर हवी.

केबल फेरीचा मोठा गुण हा की ती वाहवत जात नाही, दर खेपेला नेमक्या त्याच जागी लागते. आणि अडचणही तीच. होडीवाला पाणी बघून दहा हात वर-खाली, जिथे बरी जागा दिसेल तिथे होडी लावतो, केबल फेरीला ते करताच येत नाही. तिची जागा ठरलेली. तिथे पाणी उतरलं आणि घाट तसाच राहिला तर नवी कोरी फेरी चिखलासमोर उभी राहील आणि आपण परत फळी टाकू. म्हणून मी सुरुवातीपासून म्हणतेय की आधी घाट. खंभातच्या आखातातली घोघा-दहेज फेरी आठवा. २०१७ मध्ये केवढ्या अपेक्षेने ती फेरी सुरू झाली, शेकडो कोटींचे टर्मिनल, आणि दहेजच्या बाजूला गाळ साचून खोली पुरेना म्हणून ती बंद करावी लागली, मग २०२० मध्ये हजिऱ्याहून सुरू केली. दहेजही नर्मदेच्याच मुखाशी आहे. काठाशी पाणी किती राहणार याचा हिशोब चुकला की पुढचं सगळं चुकतं.

घाट कसा हवा ते मी इंजिनियर नसूनही सांगू शकते कारण यात गूढ काही नाही. पाण्यावर तरंगणारा धक्का, म्हणजे पाँटून, पाण्याबरोबर वर-खाली होणारा, आणि त्याला काठाशी जोडणारा बिजागरीचा रॅम्प. व्हीलचेअरसाठी उतार एकास बारा लागतो. समजा पाणी तीन मीटर उतरतं, तर रॅम्प छत्तीस मीटर लांब हवा, म्हणजे दोन-तीन टप्पे करून मध्ये टेकायला सपाट जागा. पाणी नक्की किती चढतं-उतरतं तो तासातासाचा आकडा तुमच्याकडे आहे, तो जाहीर करा, त्याच्याशिवाय कुठलाही नकाशा अंदाजावर निघेल. जुन्या पायऱ्या तोडू नका, मल्हारराव घाटाचा दगडही हलवू नका, नवा धक्का त्याच्या बाजूला घ्या. पावसाळ्याआधी पाँटून ओढून वर घ्यायची जागा आणि दोर एका काठाने पटकन सोडता येईल अशी सोय हवी, २०२३ सारखं पाणी आलं की झाडं, ओंडके दोराला अडकणार, तेव्हा दोर धरून ठेवण्याचा हट्ट करून चालणार नाही. नांगरही त्या पुराच्या हिशोबाने रोवा.

आणि होडीवाले. बरकाल आणि चांदोदच्या नाविकांना बाजूला सारून बाहेरच्या कंपनीला ठेका देणार असाल तर हे पत्र मी मागे घेतलं असं समजा. नदी त्यांना माहीत आहे, कुठे भोवरा, कुठे खडक, पाणी सुटलं की रंग कसा बदलतो. हरणीच्या तलावात १८ जानेवारी २०२४ ला आपल्या शहरातली १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, होडीत क्षमतेपेक्षा जास्त लोक, कित्येकांना जॅकेटच नाही. बडोद्यात त्या दिवसानंतर मुलाला सहलीला पाठवताना प्रत्येक आईचा हात थरथरतो, माझाही. त्यातून आपण एवढं तरी शिकायला हवं की पाण्याचं काम पाणी न कळणाऱ्याच्या हातात द्यायचं नाही. नाविकांची सहकारी संस्था करा, त्यांना ट्रेनिंग द्या, फेरी त्यांनीच चालवावी, पगार ठरलेला असावा म्हणजे जास्त माणसं भरायची गरजच उरणार नाही. २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा होडीची नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधनं सगळं मागतो, ते योग्यच आहे. तशीच तपासणी घाटाची व्हावी आणि तारखेसकट बोर्डवर लागावी. कायद्यात बसत नसेल तर कायद्यात बसवा.

चैत्रातल्या उत्तरवाहिनी परिक्रमेबद्दल, म्हणजे नर्मदा उत्तरेकडे वाहते तेवढ्या पट्ट्याच्या प्रदक्षिणेबद्दल, थोडक्यात लिहिते कारण तो विषय वेगळा मोठा आहे. तिलकवाडा आणि रामपुराच्या बाजूला नदी ओलांडायला जी गर्दी होते तीत निम्मी माणसं मराठी बोलणारी असतात, पहाटे अंधारात रांगा लागतात, आणि तिथेही गाडं अडतं ते होडीत चढण्या-उतरण्यापाशीच. बरकालला हे नीट जमलं तर तिथेही करता येईल. एकदम सगळीकडे करा असं मी म्हणत नाही, एका ठिकाणी नीट करून दाखवा.

तर मागण्या परत, स्पष्ट. चांदोद, करनाळी आणि बरकालच्या नावघाटांसाठी एकच जबाबदार अधिकारी नेमा आणि त्यांचा फोन नंबर घाटावर लावा. गेल्या पाच वर्षांतली पाण्याची तासागणिक पातळी जाहीर करा, आणि प्रत्येक घाटावर पातळीची पट्टी रंगवा, लाल रेघेच्या वर पाणी गेलं की होडी बंद, मग कुणीही कितीही मोठा माणूस आला तरी बंद. पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजतो तो बेटावरही ऐकू जाईल असा बसवा. चांदोदला तरंगता धक्का आणि रॅम्प, बरकाल आणि व्यास बेट दोन्हीकडे तसाच, आणि तो एक पावसाळा टिकलेला बघून मग केबल फेरी. दोराच्या दोन्ही बाजूंना खुणेचे खांब आणि रात्री दिवे, मासेमारीच्या होड्या त्या दोरावरूनच जाणार आहेत. नकाशा मंजूर करण्याआधी बरकालला, चांदोदला गावात बैठक घ्या, नाविक, पुजारी, पंचायत आणि आमच्यासारखे येणारे-जाणारे, सगळ्यांना बोलवा, आणि अपंग माणसांना तर नक्की बोलवा, त्यांना आणायला जो त्रास होईल त्यातूनच घाटाचा निम्मा नकाशा तुम्हाला कळेल.

हे सगळं व्हायला वेळ लागेल हे मला कळतं. पण काही गोष्टी उद्याही होऊ शकतात. शेवाळ घासायला माणूस ठेवा, फळीला दोन्ही बाजूंनी कठडा आणि खाली रबर लावा, उतरणाऱ्यांची आणि चढणाऱ्यांची वाट वेगळी करा, खालच्या पायऱ्यांशी बांबूचा का होईना पण धरायला आधार द्या. याला टेंडर लागत नाही.

उत्तर लेखी द्या. हो म्हणा, नाही म्हणा, पैसा नाही म्हणा, पण काय ते लिहून द्या, आणि ते उत्तर मला एकटीला न पाठवता बरकाल आणि चांदोदच्या पंचायतीच्या बोर्डवर लावा. पुढच्या चैत्राच्या आत यावं ही विनंती. नाही आलं तर आम्ही बडोद्याची काही घरं मिळून माहिती अधिकारात अर्ज टाकू आणि गावच्या बैठकीची तारीख नाविकांबरोबर बसून आम्हीच ठरवू, तुम्हाला निमंत्रण येईल.

आपली,
दांडिया बाजार, बडोदे इथली एक रहिवासी